पेशीतली राखड

सावनेर तालुक्यातल्या खापरखेड्यात राखडीची ओळख कुणाला करून द्यावी लागत नाही. औष्णिक वीजकेंद्रात आपल्याकडचा दगडी कोळसा जळतो, तेव्हा त्याच्या वजनाच्या साधारण ३० ते ४० टक्के राख मागे उरते. तिची व्यवस्था दोन तऱ्हांनी लावतात. काही राख पाण्यात कालवून बंधाऱ्यात साठवतात. ओली असेपर्यंत ती उडत नाही. काही राख सिमेंटमध्ये आणि विटांमध्ये जाते. बंदोबस्त ढिला पडला की तीच राख शेतात, विहिरीत आणि छातीत जाते.

आपल्या शरीरातल्या पेशींच्या केंद्रकातही अशी एक राखड आहे. जुन्या विषाणूंचे अवशेष आणि जागा बदलणारे डीएनएचे तुकडे मिळून ती बनली आहे. तिलाही दाबून ठेवावे लागते आणि तिच्यातूनही कधीकधी विटा पाडल्या जातात. दाखला मात्र इथेच सोडायला हवा. राख आपणहून वाढत नाही. हा डीएनए स्वतःच्या प्रती काढू शकतो.

हा पसारा आला कुठून?

डीएनए म्हणजे प्रथिने बनवण्याच्या सूचना, असे आपण वर्गात शिकवतो. ते खरे आहे, पण अपुरे आहे. २००१ साली मानवी जनुकसंचाचा पहिला आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा प्रथिनांच्या सूचना जेमतेम दीड टक्का भागात असल्याचे दिसले. याउलट सुमारे ४५ टक्के भाग फिरत्या डीएनएपासून आलेला होता.

असे फिरते तुकडे असू शकतात, हे बार्बरा मॅक्‌क्लिंटॉक यांनी १९४० च्या दशकात मक्याच्या दाण्यांवरील रंगांच्या ठिपक्यांचा माग काढताना ओळखले. तेव्हा फारसा कुणाचा विश्वास बसला नाही. १९८३ मध्ये त्यांना नोबेल पुरस्कार मिळाला.

मानवात या तुकड्यांचे दोन मोठे गट ध्यानात ठेवावेत. पहिला गट रेट्रोविषाणूंचा. हे विषाणू आपल्या आरएनएची डीएनएमध्ये उलट नक्कल करतात आणि ती यजमान पेशीच्या गुणसूत्रात घुसवतात. अशी घुसखोरी शुक्रपेशी किंवा बीजांड देणाऱ्या पेशीत झाली, तर ती पुढच्या पिढीला वारशाने मिळते. आपल्या जनुकसंचाचा सुमारे ८ टक्के भाग अशा जुन्या घुसखोरींचा आहे. दुसरा गट 'लाईन-१' या तुकड्यांचा. ते पेशीबाहेर जात नाहीत. आपली आरएनए प्रत काढतात आणि तिच्यावरून नवा डीएनए तुकडा दुसरीकडे बसवतात. त्यांच्या सुमारे पाच लाख प्रती आपल्यात आहेत. बहुतेक मोडक्या आहेत, पण एकेका माणसात ८० ते १०० प्रती अजून उडी मारू शकतात. 'आलू' नावाचे छोटे तुकडे लाईन-१ ची यंत्रणा उसनी घेतात. त्यांच्या प्रती दहा लाखांहून अधिक आहेत.

उडी चुकीच्या जागी पडली तर काय होते, हे १९८८ मध्ये दिसले. हिमोफिलियाच्या दोन रुग्णांत रक्त गोठवणाऱ्या आठव्या घटकाच्या जनुकात लाईन-१ चा तुकडा बसलेला सापडला. त्यांच्या आईवडिलांच्या जनुकात तो नव्हता. म्हणजे ती उडी नुकतीच पडली होती.

बंदोबस्त

मग रोज असे का होत नाही? कारण पेशी हे तुकडे गप्प ठेवते. डीएनएमधील सायटोसिन या घटकावर ती मिथाइल गट चिकटवते. शिवाय तो भाग हिस्टोन प्रथिनांभोवती इतका घट्ट गुंडाळते, की वाचणाऱ्या यंत्रणेला तिथे शिरताच येत नाही. कोणता तुकडा बंद करायचा, हे ओळखण्यासाठी सस्तन प्राण्यांत 'झिंक फिंगर' प्रथिनांचा मोठा ताफा आहे. मानवात या कुळातली साडेतीनशेच्या आसपास प्रथिने आहेत. त्यांपैकी पुष्कळ प्रथिने ठरावीक जुन्या तुकड्यांना पकडून कुलूप लावणाऱ्यांना तिथे बोलावतात. वृषणात तर छोट्या आरएनएंची वेगळी फौज हेच काम करते.

ही कुलपे एकदा लावून भागत नाही. फलनानंतर भ्रूणातले बरेचसे मिथाइल गट पुसले जातात आणि नव्याने लावावे लागतात. जननपेशी तयार होतानाही तसेच घडते. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात उंदरांतील 'डीएनएमटी-३एल' हे कुलूप लावण्यास मदत करणारे प्रथिन काढून टाकले होते. नरांच्या जननपेशींत फिरते तुकडे जागे झाले, पेशींचे अर्धसूत्री विभाजन कोलमडले आणि ते नर वंध्य झाले.

विटा पाडल्या त्या अशा

इतक्या लाखो तुकड्यांपैकी काही उपयोगी पडले. सर्वांत ठळक उदाहरण वारेचे आहे. वारेतून गर्भाला अन्न आणि प्राणवायू मिळतो. तिचा आईच्या रक्ताला भिडणारा थर अनेक पेशी एकमेकींत विरघळून तयार होतो. पेशी जोडणारे हे प्रथिन, सिन्सिटिन, मुळात विषाणूचे आहे. विषाणू आपले आवरण पेशीच्या पटलाला जोडून आत शिरतो. त्या आवरणातल्या प्रथिनाचे जनुक आपल्याकडे राहिले आणि वारेच्या कामाला लागले. मानवातला हा शोध २००० साली जाहीर झाला. उंदीर, गाय-शेळी आणि कुत्रा-मांजर यांच्या पूर्वजांनी हेच काम निरनिराळ्या विषाणूंकडून मिळवले आहे. उंदरात यातले 'सिन्सिटिन-ए' हे जनुक काढले, तर भ्रूण गर्भाशयातच मरतात.

यामागे कुणाची योजना नव्हती, हे विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावे. बहुसंख्य तुकडे नुसते पडून आहेत, काही घातक ठरले, थोडे कामी आले. जे कामी आले ते निवडीत टिकले.

विदर्भाच्या रक्ताशी संबंध

सिकलसेल हा आजार नागपूर परिसरातल्या शिक्षकांना पुस्तकातून कळलेला नाही. तो त्यांच्या हजेरीपटावर असतो. भारतात तो प्रथम १९५२ साली निलगिरी भागात नोंदवला गेला आणि १९५८ मध्ये शुक्ला आणि सोलंकी यांनी मध्य भारतातील नोंद प्रसिद्ध केली. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात.

अशा बाळाला पहिले काही महिने त्रास का होत नाही? कारण जन्मताना त्याच्या रक्तात मुख्यतः गर्भीय हिमोग्लोबिन असते. त्यात बीटाऐवजी गॅमा साखळी असते आणि ती विळ्याच्या गुठळीत सामील होत नाही. मानवात गॅमाची जनुके दोन आहेत, शेजारी शेजारी. एकाची दोन झाली ती लाईन-१ तुकड्यांमुळे, असे १९९१ मध्ये दाखवण्यात आले.

हे कागदाच्या पट्ट्यांनी वर्गात करून दाखवता येते. दोन पट्ट्यांवर 'ल–ग–ल' असे लिहा. ल म्हणजे लाईन-१, ग म्हणजे गॅमा. पट्ट्या सरळ जुळवण्याऐवजी पहिल्या पट्टीतला उजवा ल दुसऱ्या पट्टीतल्या डाव्या ल समोर ठेवा. त्या ल मध्ये दोन्ही पट्ट्या कापून तुकड्यांची अदलाबदल करा. एक पट्टी 'ल–ग–ल–ग–ल' होईल, दुसरीवर नुसता ल उरेल. सारखे दिसणारे तुकडे जागोजागी असले की अशी चूक होते. माकडे, वानरे आणि माणूस यांच्या पूर्वजांत ती टिकली. पुढे गॅमाचे काम भ्रूणाच्या अगदी सुरुवातीच्या काळातून गर्भकाळापर्यंत लांबले आणि त्यात या दुप्पट झालेल्या जनुकांचा वाटा होता, असे अभ्यासक मानतात.

जन्मानंतर गॅमा जनुके बंद होतात. त्या बंद होण्यातही मिथाइल गटांचा भाग असतो. १९८१ मध्ये कोंबडीच्या पेशींना ५-अॅझासायटिडीन हे मिथाइल गट कमी करणारे रसायन दिले, तेव्हा गप्प असलेले जुने विषाणूजन्य जनुक जागे झाले. १९८२ मध्ये तेच रसायन बीटा थॅलेसेमियाच्या रुग्णाला दिले, तेव्हा गॅमा साखळीचे उत्पादन वाढले. एकाच किल्लीने हवे ते दार उघडते आणि नको तेही. म्हणून सरसकट कुलपे काढणे हा सोपा उपाय नाही.

आज रुग्णांना हायड्रॉक्सियुरिया दिले जाते; ते वेगळ्या मार्गाने गर्भीय हिमोग्लोबिन वाढवते. नेमके एकच कुलूप काढण्याचा मार्ग २००८ नंतर दिसू लागला. गॅमा बंद ठेवणारे 'बीसीएल-११ए' हे झिंक फिंगर प्रथिन तेव्हा ओळखले गेले. रक्तपेशींमध्ये त्याचे बटण कापणाऱ्या उपचाराला २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. तो अतिशय महाग आहे.

तोवर शाळेच्या हातात आहे ती रक्ततपासणी. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिचा भर तपासणी आणि समुपदेशनावर आहे. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणी मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के असते. हे गणित दहावी-बारावीच्या प्रत्येक मुलामुलीला आले पाहिजे. आणि जनुकसंचातला उरलेला भाग 'निरुपयोगी' आहे, हे वाक्य आपण फळ्यावर लिहिणे थांबवले पाहिजे. 'बंद ठेवलेला' असे म्हटले, तर तो कशाने बंद राहतो, कधी उघडतो आणि उघडला तर काय होते, हे प्रश्न मुले आपणहून विचारू लागतील.