मागील पानावरून पुढे

समजा, मालेगावातल्या एका यंत्रमागावर बुधवारी ४० मीटर कापड निघालं, गुरुवारी ३५. शुक्रवारी सुट्टी. शनिवारी ४२. वहीत शेजारी चढत जातं: ४०, ७५, ७५, ११७. ही चालती बेरीज.

हीच वही संगणकावर एक्सएमएल या मांडणीत असली आणि एक्सएसएलटी या स्टाइलशीटच्या भाषेनं तिचा तक्ता करायचा म्हटलं, की गाडी अडते. १९९९च्या पहिल्या आवृत्तीपासून इथं चलाला एकदा दिलेली किंमत बदलत नाही. नाव मात्र 'चल'! मग प्रत्येक ओळीला मागचं सगळं पुन्हा मोजा. हजार ओळींसाठी सुमारे पाच लाख आकडे वाचायचे. किंवा साच्यानं, म्हणजे एका ओळीवर चालणाऱ्या नियमानं, स्वतःलाच बोलवायचं आणि झालेली बेरीज पुढच्या ओळीच्या हाती द्यायची.

२०१७च्या ३.० आवृत्तीत बेरीज पुढे नेणाऱ्या 'इटरेट' आणि 'अ‍ॅक्युम्युलेटर' या सोयी आल्या. आता ७५वरून ११७वर एकाच फेरीत जाता येतं.