नागदेवतेचा नैवेद्य आणि नागाचा आहार

श्रावण शुद्ध पंचमी. सारवलेले अंगण, पाटावर चंदनाने रेखाटलेले नाग, त्यांच्यापुढे दूध, लाह्या, आघाडा आणि दूर्वा, आणि स्वयंपाकघरातून दरवळणारा पुरणाच्या दिंडांचा वास. आज विळीवर काही चिरावयाचे नाही, चुलीवर तवा ठेवावयाचा नाही, शेतात नांगर धरावयाचा नाही, हा दंडक सासूकडून सुनेकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. भूमीच्या आश्रयाने राहणाऱ्या जीवाला आज चुकूनही इजा होऊ नये, हेच त्याचे मर्म होय.

परंतु ज्या दिवशी ही अहिंसा पाळावयाची, त्याच दिवशी भाविकांच्या हातून नकळत नागाचा छळ होत आला. टोपली घेऊन गारुडी दारी येई, घरची सुवासिनी नागापुढे दुधाची वाटी ठेवी, नाग तीत तोंड घाली आणि देव प्रसन्न झाला, असे समजून घर कृतार्थ होई. त्या नागावर पुढे काय ओढवे, हे मात्र कोणी पाहत नसे.

नाग दूध का पितो?

दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिलांचे अन्न. नाग हा सरपटणारा प्राणी; अंड्यातून बाहेर पडल्यापासून तो आपले भक्ष्य आपणच शोधतो. दूध पचविण्याची सोय त्याच्या शरीरात नाही. मग तो दूध पितो कसा? सणाच्या आधी त्याला कित्येक दिवस उपाशी व तहानलेला ठेवलेले असते. अशा स्थितीत समोर येईल तो द्रव तो पाणी समजून पितो. हे दूध त्याला बाधते. ते फुप्फुसांत शिरले तर श्वास कोंडतो. शिवाय विषदंत उपटलेले असतात, क्वचित तोंडही शिवलेले असते. असे नाग पुढे फार काळ जगत नाहीत. ज्याला आपण नैवेद्य म्हणतो, तो त्याच्या मृत्यूस कारण होतो.

त्याचे खरे अन्न

उंदीर, बेडूक, सरडे, पक्ष्यांची अंडी, प्रसंगी लहान साप, हा नागाचा आहार. तो भक्ष्य चावून खात नाही, अखंड गिळतो. खालच्या जबड्याचे दोन भाग लवचिक बंधाने जोडलेले असल्याने तोंडाहून मोठे भक्ष्यही त्याला गिळता येते. एकदा पोट भरले की कित्येक दिवस त्याला काही लागत नाही. शेतातील आणि कोठारातील उंदीर खाऊन तो आपले धान्य राखतो. म्हणूनच शेतकऱ्याने त्याला क्षेत्रपाळ मानले.

पकडलेला उंदीरही निर्धोक नाही

कोणी म्हणेल, दूध नको, तर घरात सापळ्यात सापडलेला उंदीर नागाला द्यावा. तेही योग्य नव्हे. प्राणिसंग्रहालयांतून आणि सर्पविषावरील औषधासाठी साप सांभाळणाऱ्या केंद्रांतून याविषयी फार काळजी घ्यावी लागते. रानातल्या वा गटारातल्या उंदराच्या अंगावर गोचिडी व पिसवा आणि पोटात जंत असतात. त्याने उंदीरनाशक खाल्लेले असेल, तर ते विष सापाच्या पोटात जाते. जिवंत उंदीर कोंडलेल्या सापाला चावून जखमी करतो. म्हणून तेथे स्वच्छ जागी वाढविलेले उंदीर, मारून, सापाच्या शरीराच्या जाडीला साजतील अशा बेताने दिले जातात. गोठवून ठेवलेला उंदीर पूर्ण वितळल्यावाचून देत नाहीत.

हे जाणत्यांचे काम आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार नाग पकडणे, बाळगणे वा त्याचे खेळ करणे हा गुन्हा आहे. तामिळनाडूत १९७८ साली स्थापन झालेली इरुळा समाजाची सहकारी संस्था रीतसर परवान्याने साप पकडते, काही आठवडे मडक्यांत ठेवून त्यांचे विष काढते आणि त्यांना पुन्हा रानात सोडते. त्या विषापासून सिद्ध झालेले औषध सर्पदंश झालेल्यांचे प्राण वाचविते. नागाच्या विषाचे असे अमृत होते, ते त्याला जिवंत राखल्यामुळेच.

कहाणीचा आधार

यात धर्माची हानी होते काय? मुळीच नाही. नागपंचमीची कहाणी आठवून पाहावी. शेतकऱ्याच्या नांगराखाली नागाची पिले मरतात, नागीण सूड घेते, आणि अखेरीस शांत होते ती कोणामुळे? पाटावर नाग रेखून त्यांना दूध-लाह्यांचा नैवेद्य दाखविणाऱ्या लेकीमुळे. नैवेद्य दाखविला तो चित्रातल्या नागाला. सांगली जिल्ह्यातील बत्तीस शिराळा गावी जिवंत नागाची पूजा पूर्वापार चालत आली होती. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर तेथील जिवंत नागांच्या मिरवणुकीस बंदी आली आणि प्रतिमेचे पूजन झाले. श्रद्धा त्यामुळे उणावली नाही.

आज एवढे करावे

पाटावर वा भिंतीवर नाग रेखावा, अथवा मातीचा नाग पुजावा. दुधाचा नैवेद्य त्याला दाखवून तो प्रसाद घरच्या लेकरांना द्यावा. वारुळाची पूजा करणाऱ्यांनी वारुळात दूध ओतू नये. हळदकुंकू दुरूनच वाहावे. गारुडी दारी आल्यास त्याला शिधा द्यावा, पण टोपली उघडू देऊ नये. पावसाने बिळे भरल्यामुळे नाग घरात शिरला, तर काठी न उचलता दूर राहून वनखात्यास किंवा जाणत्या सर्पमित्रास बोलवावे. दुर्दैवाने दंश झालाच, तर मंत्रतंत्रात वेळ न दवडता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. घरात उंदरांसाठी विष पेरण्याऐवजी धान्य झाकून ठेवावे. उंदीर येणार नाहीत, तर त्यांच्या मागावर नागही येणार नाही.

नागाला आपल्या दुधाची गरज नाही. त्याला हवे आहे त्याचे बीळ, त्याचे शेत आणि आपल्याकडून अभय. या पंचमीस एवढे अभय दिले, तर आपली पूजा त्याला खचित पावेल.