मेंदूच्या वेशीवरील साक्षीदार

१८८५ साली पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने प्राण्यांच्या रक्तात काही रंगद्रव्ये टोचली, तेव्हा बहुतेक सारे अवयव रंगून निघाले. मेंदू आणि मज्जारज्जू तेवढे कोरे राहिले. मेंदूला या रंगांची ओढच नसावी, असा तर्क करून एर्लिख स्वस्थ बसला. परंतु १९१३ साली त्याचाच शिष्य एडविन गोल्डमान याने तशाच जातीचा एक निळा रंग मेंदूभोवतालच्या द्रवात सोडला, आणि मेंदू निळा होऊन उरलेले शरीर कोरे राहिले! अर्थात, आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता. मध्ये कोणीतरी वाट अडवून उभे होते.

हा अडसर म्हणजे मेंदूतील केशवाहिन्यांचे अस्तर. त्याच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट बिलगलेल्या असतात की, साध्या शर्करेलाही वाहक प्रथिनांच्या परवान्यावाचून आत शिरता येत नाही. पक्षाघात, मेंदूज्वर किंवा डोक्यावरील आघात यांत ही वेस ढासळते. आणि ती कितपत शाबूत आहे हे वेळीच कळले, तर गुठळी विरघळवणारे औषध देताना रक्तस्रावाचा धोका अजमावता येईल.

मग पंचनामा करावा कसा? जुनी रीत अशी की, अल्ब्युमिन हे प्रथिन यकृतातच तयार होते, म्हणून मेंदूभोवतालच्या द्रवात ते रक्ताच्या सुमारे दोनशेव्या हिश्श्याहून फार अधिक आढळले, तर ते वेस ओलांडून आले असे समजावे. मात्र त्यासाठी रुग्णाच्या कमरेत सुई खुपसावी लागते, आणि ती वारंवार कोण खुपसून घेईल? तेव्हा आत काय शिरले ते पाहण्याऐवजी बाहेर काय निसटले याचा रक्तातच शोध घ्यावा, ही कल्पना पुढे आली.

या कामी सर्वांत नावाजलेला साक्षीदार म्हणजे १९६५ साली हाती आलेल्या प्रथिनकुलातील ‘एस१००बी’. अमोनियम सल्फेटच्या शंभर टक्के संपृक्त द्रावणातही ते विरघळते, एवढ्याच कारणाने त्याला हे रुक्ष नाव मिळाले. केशवाहिन्यांना आपल्या पायांनी वेढून बसणाऱ्या ॲस्ट्रोसाइट पेशींत ते विपुल असते. डोक्याला सौम्य मार लागलेल्या, अन्यथा फारसा धोका नसलेल्या प्रौढाच्या रक्तात सहा तासांच्या आत त्याचे प्रमाण लिटरमागे ०.१० मायक्रोग्रॅमहून कमी भरले, तर सीटी स्कॅनवाचून घरी पाठवावे, अशी शिफारस स्कँडिनेव्हियातील वैद्यांनी २०१३ साली केली.

परंतु हा साक्षीदार ‘काही घडले नाही’ म्हणतो तेव्हाच भरवशाचा. ‘घडले’ म्हणतो तेव्हा त्याची उलटतपासणी अवश्य करावी, कारण त्याचे बिऱ्हाड चरबीत आणि कूर्चेतही आहे, आणि नुसता पाय मोडला तरी रक्तातील त्याचे प्रमाण वाढू शकते. शिवाय ते वाढले म्हणजे वेस फुटली की आतल्या पेशीच फुटल्या, हेही निश्चित होत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली ज्यांच्या चाचणीस मान्यता दिली, ती जीएफएपी आणि यूसीएच-एल१ ही प्रथिने मुख्यतः पेशींच्या हानीचीच ग्वाही देतात. म्हणून काही संशोधक भिंतीच्या विटांचेच तुकडे, म्हणजे क्लॉडिन-५ आणि ऑक्लुडिन, रक्तात धुंडाळतात. वाट योग्य आहे. पण क्लॉडिन-५ फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतही असते आणि ऑक्लुडिन आतड्यांतही.

एकट्या साक्षीदारावर निकाल देता येईल, असा रक्तातील पुरावा अद्याप हाती आलेला नाही. कमरेतील सुईची सुटका एवढ्यात होईल असे दिसत नाही.