थोडक्यात हुकलं!

बॅट आणि चेंडू मिळून ११० रुपये. बॅट चेंडूहून १०० रुपयांनी महाग. चेंडू केवढ्याला? ‘दहा’ म्हणालात ना? बँकेत हयात घालवूनही मी तेच म्हणालो. उत्तर आहे पाच! शेन फ्रेडरिक यांच्या २००५ च्या चाचणीतलं हे कोडं, फक्त रुपयांत.

लेकीकडे बोस्टनला गेलो तेव्हा खरवडायचं लॉटरीचं तिकीट घेतलं. तीन आकडे सारखे हवे होते, दोन जुळले. ‘थोडक्यात हुकलं!’ म्हणत दुसरं घेतलं. सात झाली.

नात म्हणाली, “आजोबा, आकडे आधीच छापलेले असतात ना?”

खरंच की! ‘थोडक्यात’ काही नसतंच. घाईचं मन बोलून मोकळं होतं, विचारी मन मागून पोचतं. जुगाराची चटक मधल्या वेळेत लागते.

बायकोला मी एकच तिकीट सांगितलं. त्या लपवण्याचीच आता भीती वाटते.