लडाखला जायचंय? आधी उंची विचारा

मागच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, "कर्जाचे हप्ते फिटले, पोरं मार्गी लागली. आता आपण सगळ्यांनी मिळून एकदा लडाख बघायचं का?" बघायचं की! आमच्या गटातल्या अकरा जणी जाऊन आलो आहोत. पण जाताना आम्ही एक मोठी चूक केली. ती तुमच्याकडून होऊ नये, म्हणून आजच्या गप्पा.

आम्ही सकाळी विमानानं लेहला उतरलो. लख्ख ऊन, निळंभोर आकाश, चहूबाजूंनी उघडे तपकिरी डोंगर. कुणाला काही त्रास वाटेना. मग ठरवलं, एक दिवस कशाला वाया घालवायचा? दुसऱ्याच दिवशी गाडी करून खारदुंग ला गाठली. 'ला' म्हणजे खिंड. वर पोचेपर्यंत आमच्यातल्या एका ताईंचं डोकं ठणकायला लागलं, उलट्या झाल्या, चालताना तोल जाऊ लागला. चालक जाणता होता. त्यानं लगेच गाडी खाली वळवली. दवाखान्यात रात्रभर ऑक्सिजन लावावा लागला. ताई बऱ्या झाल्या, पण ती रात्र आम्ही कशी काढली ते आम्हालाच ठाऊक.

असं का झालं? आपलं कळसूबाई शिखर सुमारे 5,400 फूट उंच, म्हणजे महाराष्ट्रात सगळ्यांत उंच. लेह शहर त्याच्या दुपटीहून जास्त, सुमारे 11,500 फुटांवर वसलं आहे. खारदुंग ला तर साडेसतरा हजार फुटांच्या वर. जसजसं वर जावं तसतशी हवा विरळ होते. लेहमध्ये एका श्वासात आपल्या गावच्या मानानं साधारण दोन तृतीयांश ऑक्सिजन मिळतो, खारदुंग लाला जवळजवळ निम्माच. शरीर हे सोसायला शिकतं, पण त्याला काही दिवस लागतात. आपण शेतात दिवसभर राबणाऱ्या, आपल्याला काय होणार, असं आम्हाला वाटलं होतं. पण हा त्रास धट्ट्याकट्ट्या तरुणांनाही होतो. ताकदीनं तो टळत नाही, धीरानं टळतो.

म्हणून ठिकाणं निवडताना नाव किती गाजलंय ते बघू नका, उंची बघा. विमानानं गेलात तर पहिले दोन दिवस लेहमध्येच काढा. पहिल्या दिवशी नुसता आराम. पाणी पीत राहा, हलकं जेवा. दुसऱ्या दिवशी बाजारात हळूहळू फेरी मारा.

तिसऱ्या दिवशी सिंधू नदीच्या काठाकाठानं पश्चिमेकडे खाली उतरा. वाटेत निमू गावाजवळ सिंधू आणि झंस्कार नद्यांचा संगम दिसतो. दोन रंगांचं पाणी शेजारी शेजारी वाहत असतं. पुढे आल्ची गावात, सुमारे 10,000 फुटांवर, जर्दाळूच्या बागा आणि जुना मठ आहे. मठाच्या भिंतींवरची चित्रं शेकडो वर्षांपूर्वीची आहेत. ती इतकी बारीक आहेत की आमच्यातल्या शिवणकाम करणाऱ्या ताई तिथून हलेनात.

त्यानंतर नुब्रा खोरं. इथं नेहमीच्या रस्त्यानं जाताना खारदुंग ला ओलांडावी लागते. पण खिंडीत दहा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त थांबू नका. पलीकडचं हुंदर गाव लेहपेक्षाही खाली आहे, त्यामुळे रात्री झोप चांगली लागते. तिथं चक्क वाळूच्या टेकड्या आणि दोन मदारींचे उंट आहेत. जवळच दिस्कितचा मठ आणि मैत्रेय बुद्धांची शंभर फुटांहून उंच मूर्ती आहे.

पँगाँग सरोवर सुमारे 14,000 फुटांवर आणि त्सो मोरिरी सुमारे 15,000 फुटांवर. ही दोन्ही शेवटी ठेवा. पँगाँगचं पाणी खारट आहे आणि दिवसभरात त्याचा रंग बदलत राहतो. त्सो मोरिरीच्या परिसरात चांगपा धनगर याक, मेंढ्या आणि पश्मिना बकऱ्या घेऊन फिरतात. सुंदर ठिकाणं आहेत, पण रात्री थंडी फार आणि हवा फार विरळ. ज्यांना आधी त्रास झाला असेल त्यांनी तिथं मुक्काम करू नये.

आता राहायचं कुठं? शक्य असेल तर लडाखी घरात राहा. तिथं पुष्कळ गावांत बायकाच पाहुण्यांची व्यवस्था बघतात. हेमिस राष्ट्रीय उद्यानातल्या गावांची गोष्ट ऐका. हिमबिबट्या शेळ्यामेंढ्या मारायचा, म्हणून लोकांचा त्याच्यावर राग. साधारण वीस-बावीस वर्षांपूर्वी स्नो लेपर्ड कन्झर्व्हन्सी या संस्थेच्या मदतीनं तिथल्या घरांनी पाहुणे ठेवायला सुरुवात केली. पाहुणे पाळीपाळीनं प्रत्येक घरी जातात, म्हणजे पैसा एकाच घरी साचत नाही. आता हिमबिबट्या बघायलाच लोक येतात, म्हणून तो जगलेला गावाला परवडतो. थिनलस चोरोल या लडाखी बाईंनी 2009 मध्ये फक्त बायकांनी चालवलेली सहल कंपनी सुरू केली. वाटाड्याचं कामही तिथं बायकाच करतात. आपल्या गटांनी यातून शिकण्यासारखं बरंच आहे.

घरात गेलात की 'जुले' म्हणा. नमस्कार, निरोप आणि आभार, तिन्हीला हाच शब्द. घरच्या आईला 'अमा-ले' म्हणतात. स्वयंपाकघर हीच मुख्य खोली, फळीवर तांब्यापितळेची भांडी ओळीनं मांडलेली. जेवायला थुक्पा, खंबीर नावाची जाड रोटी, आणि लोणी-मीठ घातलेला चहा. भाजलेल्या जवाचं पीठ तर आपल्या सातूच्या पिठाची आठवण करून देतं.

पाणी मात्र जपून वापरा. लेहला वर्षभरात साधारण 100 मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या कोकणात तेवढा एखाद्या दिवसात कोसळतो. तिथली शेती बर्फ वितळून आलेल्या पाण्यावर चालते. आपल्याकडे पाटाच्या पाण्याची पाळी असते ना, तशीच तिथंही असते, आणि ती सांभाळणाऱ्याला 'चुरपोन' म्हणतात. संडासही कोरडा. वापरल्यावर वरून माती टाकायची, पुढे त्याचं खत शेतात जातं. पहिल्या दिवशी आम्ही बिचकलो, दुसऱ्या दिवशी सवय झाली. आपण रोज दोन बादल्यांनी अंघोळ केली, तर ते पाणी कुणाच्या तरी जवाच्या वाफ्यातलं असतं, एवढं लक्षात ठेवा.

निघण्याआधीची तयारी अशी करा:

• हिमोग्लोबिन आणि रक्तदाब तपासून घ्या. रक्त कमी असेल तर उंचीवर दम लवकर लागतो. गरोदर बाईनं, हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असणारीनं डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये.

• उंचीच्या त्रासावर गोळ्या आहेत, पण त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानंच घ्या. सल्फाच्या औषधाची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. कापूर हुंगून नाकाला बरं वाटतं, पण त्यानं ऑक्सिजन वाढत नाही.

• डोकं दुखलं, मळमळलं, तर आणखी वर जाऊ नका. तोल जाणं, बरळणं, बसल्याजागी धाप लागणं ही धोक्याची खूण. अशा वेळी थांबून बघू नका, ताबडतोब खाली उतरा आणि दवाखाना गाठा.

• जून ते सप्टेंबर हा जायचा काळ. तरीही लोकरीचे कपडे, टोपी, काळा चष्मा हवाच.

• ओळखपत्र सोबत ठेवा. नुब्रा, पँगाँग, त्सो मोरिरी हा सीमेजवळचा भाग आहे. परवान्याचे नियम बदलतात, ते आधी विचारून घ्या. निदान एकीकडे तरी पोस्टपेड सिम असू द्या.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: त्रास होत असेल तर लपवू नका. आमच्या ताईंना सकाळपासूनच डोकं जड वाटत होतं. "माझ्यामुळे सगळ्यांची सहल का बुडवू" म्हणून त्या गप्प राहिल्या. आपल्या बायकांची ही सवय घरातही घात करते, आणि उंच डोंगरावर तर जिवावर बेतते. म्हणून गट निघताना एक नियम करा. रोज सकाळी चहाच्या वेळी प्रत्येकीनं आपली तब्येत खरी खरी सांगायची, आणि एकीला बरं नसेल तर त्या दिवशी सगळ्यांनी थांबायचं. डोंगर कुठं पळून जात नाही.

बरं तर मैत्रिणींनो, भेटू पुढच्या वेळी. जुले!