आकुर्डीत अक्षरं किती?

लोणावळ्याची लोकल चिंचवड सोडते आणि पुढच्या फलाटावर पाटी दिसते: आकुर्डी. पहिलीतलं पोर बोटांवर मोजून सांगेल, तीन अक्षरं. आ, कु, र्डी. आता लाझारसमध्ये एक चौकट बनवा, तिच्यात हेच नाव टाइप करा आणि लांबी विचारा. बेधडक उत्तर येतं: २१!

लाझारस हे फ्री पास्कल या मुक्त कंपायलरवर चालणारं, प्रोग्रॅम बनवण्याचं साधन. त्यातलं ‘लेंग्थ’ अक्षरं मोजतच नाही, बाइट मोजतं. मजकूर साठतो यूटीएफ-८ पद्धतीने. १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी रचलेल्या या पद्धतीत रोमन अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. (जुन्या पास्कलची स्ट्रिंग २५५ बाइटांची. म्हणजे आपली जेमतेम ८५ चिन्हं!) चाकण या नावाला बारा बाइट हवेत. लेबल छापणाऱ्या प्रोग्रॅममध्ये दहाचीच जागा ठेवलीत, तर ‘चाकण’मधलं ‘चाक’ तेवढं राहील आणि ‘ण’च्या जागी कचरा उमटेल.

म्हणून ‘यूटीएफ८लेंग्थ’ वापरावं. आता उत्तर ७: आ, क, उकार, र, हलन्त, ड, वेलांटी. खरी गंमत या क्रमात आहे. रफार आपल्याला ‘डी’च्या माथ्यावर दिसतो, पण साठलेला असतो ‘ड’च्या आधी. ‘पिंपरी’ची पहिली वेलांटी दिसते ‘प’च्या अलीकडे, साठते पलीकडे. संगणक नाव पाटीवरून वाचून नव्हे, जणू कानाने ऐकून ठेवतो! रफार वर चढवायचं काम फॉन्ट आणि मजकूर मांडणारी यंत्रणा करते.

पण सातसुद्धा पोराचं उत्तर नव्हेच. या सातातली पहिली दोन चिन्हं कापून घ्या. ‘आक’ हाती येतं, उकार गळून पडतो. डोळ्यांना एकसंध दिसणारा गट कुठे तुटतो, याचे वेगळे नियम युनिकोड या लिपिचिन्हांच्या जागतिक मानकाने केले आहेत. त्या नियमांतही हलन्तापाशी गट तुटायचा, म्हणून आकुर्डीचे चार तुकडे पडत: आ, कु, र्, डी.

देवनागरी जोडाक्षर अखंड धरण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ आवृत्तीत आला, सप्टेंबर २०२३ मध्ये. तेव्हा कुठे आकुर्डीत तीन अक्षरं झाली.