संत्र्याची सावली कोणत्या रंगाची?

स्टुलावर पांढरं फडकं, त्यावर पितळी लोटा आणि लोट्याला टेकून दोन संत्री. वस्तुचित्राच्या तासाला याहून जास्त काही लागत नाही. मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरच्या पट्ट्यात तर संत्री कुठून आणायची हा प्रश्नच येत नाही. वर्गात कुणाच्या घरचा बगीचा असतो, कुणाची आई तोडणीला जाते. तरीही या मुलांनी पहिल्यांदा काढलेलं संत्रं संत्र्यासारखं दिसत नाही. बांगडी ठेवून नाहीतर कंपास फिरवून नेमकं वर्तुळ काढलं जातं आणि त्यात नारिंगी खडू घासला जातो. मुलांचा हात कच्चा असतो म्हणून असं होतं, हा समज चुकीचा आहे. संत्रं गोल असतं, नारिंगी असतं, हे त्यांना आधीपासून ठाऊक असतं, त्यामुळे समोरच्या फळाकडे नीट बघितलंच जात नाही.

लोट्याचंही तेच होतं. लोट्याचं तोंड गोल, म्हणून मूल ते पूर्ण गोल काढतं. लोटा सपाट जागेवर उभा असतो, म्हणून बूड पट्टीनं आखल्यासारखं सरळ काढतं. एकाच भांड्याचं तोंड वरून पाहिलेलं आणि बूड समोरून पाहिलेलं. चांगला चित्रकला शिक्षक इथं खोडरबर पुढे करत नाही. तो मुलाला उठवून स्टुलाजवळ नेतो आणि वरून बघायला लावतो, मग खाली बसवून डोळे लोट्याच्या काठाच्या पातळीत आणायला सांगतो. मूल खाली जाऊ लागतं तसं ते गोल तोंड चपटं होत जातं, त्याचं लंबवर्तुळ होतं आणि शेवटी नुसती एक आडवी रेघ उरते. भांडं तेच, जागाही तीच. डोळ्यांची पातळी तेवढी बदलली. हा पाच मिनिटांचा प्रयोग ज्याच्याकडून करून घेतला गेला, तो आयुष्यभर चहाच्या कपाकडेही वेगळ्या नजरेनं बघतो.

मग मोजमाप. हात कोपरात न वाकवता पुढे ताणायचा, एक डोळा मिटायचा, पेन्सिल उभी धरून तिच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत लोट्याची उंची घ्यायची आणि तेवढ्याच मापात रुंदी किती वेळा बसते ते बघायचं. कागदावर आधी फिकट उभा अक्ष, त्याच्या दोन्ही अंगांना सारखी अंतरं, मग बाह्यरेषा. एचबी पेन्सिल हलक्या हातानं चालवायची, गडद छटेसाठी टू-बी. घाईच्या मुलाला हे सारं कंटाळवाणं वाटतं. पण संत्रं गोल नाही हे कळतं ते याच टप्प्यावर. नागपुरी संत्रं वर-खाली थोडं दबलेलं असतं, काही फळांना देठाशी लहानशी मान असते, साल सैल असल्यानं एखाद्या बाजूला फुगवटा येतो. बांगडीच्या वर्तुळात यातलं काहीच मावत नाही.

रंगाची पाळी आली की खरी गंमत सुरू होते. आंबिया बहाराचं फळ पावसाळा सरल्यावर बाजारात येतं तेव्हा त्याच्या सालीवर अनेकदा हिरवट पट्टे असतात. रंगपेटीतला तयार नारिंगी तिथं कामाचा नसतो. क्रोम यलोमध्ये थोडा व्हर्मिलियन मिसळायचा, देठाकडे सॅप ग्रीनची पुसट झाक ठेवायची, आणि खिडकीकडच्या बाजूला सालीच्या बारीक खळग्यांवर जिथं उजेड चमकतो, तिथं कागद कोराच सोडायचा. जलरंगात पांढरा रंग म्हणजे न रंगवलेला कागद, ही गोष्ट मुलांना सांगून पटत नाही, करूनच पटते.

आणि सावली? दहापैकी नऊ मुलं सावलीसाठी काळा रंग उचलतात. फडक्यावर पडलेली संत्र्याची सावली नीट पाहिली तर ती निळसर-जांभळट दिसते, आणि फळाला अगदी चिकटून असलेल्या भागात तिच्यात नारिंगी उजेड उतरलेला असतो. १८७४ साली पॅरिसमध्ये पहिलं प्रदर्शन भरवणाऱ्या इम्प्रेशनिस्ट चित्रकारांनी सावलीतला हाच रंग कॅनव्हासवर आणला आणि लोकांची टीका ओढवून घेतली. त्यांच्याबरोबर त्या प्रदर्शनात असलेल्या सेझाननं पुढे १८९९च्या सुमारास सफरचंदं आणि संत्री मांडून एक चित्र रंगवलं; ते आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे. जगातल्या मोठ्या चित्रांपैकी एकाचा विषय सौंसरच्या आठवडी बाजारात ढिगानं मिळतो, हे इथल्या मुलांना कुणीतरी सांगायला हवं.

पण बहुतेकांची चित्रकलेच्या तासाची आठवण संत्र्याची नसते. ती असते दोन त्रिकोणी डोंगरांची, त्यांच्या मधून उगवणाऱ्या सूर्याची, खाली वळण घेत येणाऱ्या नदीची, झोपडीची आणि नारळाच्या झाडाची. पांढुर्ण्याभोवती सातपुड्याचे डोंगर आहेत, गावातून जाम नदी वाहते, शिवारात पळस, मोह आणि साग आहे. नारळ मात्र नाही. तो नमुन्याच्या वहीतून आला आणि कागदावर कायमचा रुजला. फाल्गुनात पानं झडून केशरी पेटलेला पळस शाळेच्या वाटेवर उभा असतो, तरी चित्रात झाड काढायचं म्हटलं की नारळच येतो. ही नुसती सवय नाही. आपल्याकडचं जे आहे ते चित्रात घेण्याच्या लायकीचं नाही, असा संस्कार त्यातून नकळत होतो, आणि तो पुसायला पुढे फार कष्ट पडतात.

या भागाची शाळा आणि भाषा यांचं नातं इतिहासानं गुंतागुंतीचं केलं आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत छिंदवाडा आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला. पांढुर्णा आणि सौंसर तालुके मध्य प्रदेशात राहिले. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. घरात मराठी आणि शाळेच्या फळ्यावर हिंदी, हे इथलं नेहमीचं चित्र. सीमेपलीकडे वरुड, नरखेड, सावनेरच्या शाळांत महाराष्ट्र शासनाची रेखाकला परीक्षा असते. एलिमेंटरी आणि मग इंटरमिजिएट. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे तिचे विषय. त्या परीक्षेतही घोकंपट्टी शिरली आहेच. पाठ केलेलं स्मरणचित्र उतरवून श्रेणी मिळवणारी मुलं कमी नाहीत. तरी तिच्या निमित्तानं वर्षातले काही महिने मुलांचा हात चालू राहतो. इकडच्या मुलांना तेवढं निमित्तही नसतं.

एक शिक्षक काय करू शकतो याचं उदाहरण याच सातपुड्याच्या रांगेत, मंडला जिल्ह्यात आहे. सय्यद हैदर रझा यांचा जन्म तिथल्या बाबरिया गावचा, १९२२चा. वडील वनखात्यात होते. ककैयाच्या प्राथमिक शाळेत या मुलाचं लक्ष लागत नसे. तेव्हा नंदलाल झारिया या शिक्षकांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे बघत बसायला सांगितलं. तो काही चित्रकलेचा तास नव्हता, पण बघायचं कसं हा धडा होता. पुढे रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकले, मग मुंबईच्या जे. जे.मध्ये, आणि १९५० साली फ्रान्सला गेले. तिथं अनेक वर्षं निसर्गदृश्यं रंगवल्यावर त्यांच्या कॅनव्हासवर बिंदू आला आणि अखेरपर्यंत राहिला. त्या बिंदूचं नातं ते स्वतः ककैयाच्या शाळेशी जोडत. २०१६ साली त्यांचं निधन झालं आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यात, वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचं दफन झालं.

त्याच जुन्या मंडला जिल्ह्यातलं पाटणगढ आता दिंडोरी जिल्ह्यात आहे. तिथल्या जनगढ सिंह श्याम यांना असा शिक्षक भेटला नाही. घराची भिंत हाच त्यांचा कागद. भोपाळच्या भारत भवनासाठी आदिवासी कला गोळा करताना जे. स्वामीनाथन यांच्या चमूला तिथं भिंतीवर रंगवलेला हनुमान दिसला आणि हा तरुण भोपाळला आला. १९८९ साली त्यांची चित्रं पॅरिसच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात लागली. ठिपक्यांनी आणि बारीक रेषांनी प्राण्याचं अंग भरून काढायची त्यांची रीत आज गोंड चित्रकलेची ओळख झाली आहे. एकाला शाळेनं बघायला शिकवलं, दुसऱ्याला भिंतीनं. पांढुर्णा-सौंसरच्या मुलाकडे या दोन्ही वाटा आहेत, आणि त्यातली भिंतीची वाट त्याच्या घरातूनच जाते. ती उघडते पोळ्याला.

पांढुर्ण्याचं नाव बातम्यांत येतं ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जाम नदीच्या दोन काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणाऱ्या गोटमारीमुळे, म्हणजे दगडफेकीमुळे. आदल्या दिवशी, श्रावण अमावास्येला, घरोघरी जे रंगकाम होतं त्याची बातमी होत नाही. खरं तर बघण्यासारखं तेच आहे. आधीच जुवानं घासलेले खांदे हळद-तुपानं शेकलेले असतात. सकाळी बैल नदीवर नाहीतर विहिरीवर धुतला जातो. शिंगं घासून गुळगुळीत करायची, मग रंग. पूर्वी हिंगूळ लावत, आता ऑइलपेंटचा डबा येतो. पहिला हात सुकल्याशिवाय दुसऱ्या रंगाचं कडं काढायचं नाही, नाहीतर दोन्ही एकमेकांत उतरतात. त्यावर बेगड. मग अंगावर ठसे. या भागातल्या गवळाऊ जातीच्या पांढऱ्याशुभ्र बैलावर गेरूचे ठिपके उठून दिसतात. तांबड्या बैलावर तोच गेरू दिसेनासा होतो, म्हणून तिथं पिवळा किंवा चुना. वाटीचा काठ रंगात बुडवून कडी उठवायची, नुसत्या बोटानं ठिपके द्यायचे, पाठीवर दाट आणि पोटाकडे विरळ. रंगसंगती, विरोध, लय, मोकळी जागा: संकल्पचित्राच्या तासाला जे शब्द फळ्यावर लिहिले जातात ते सगळे इथं गोठ्यात वापरले जातात, आणि वापरणाऱ्याला ते शब्द माहीत असण्याची गरजही पडत नाही.

विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. मुलांचे लाकडी बैल, पायाला चाकं लावलेले. घरातला जुना बैल दरवर्षी नव्यानं रंगवला जातो. नेमक्या याच वेळी बहुतेक घरांत एक गोष्ट घडते: मुलाच्या हातून रंग रेषेबाहेर गेला की मोठं माणूस ब्रश काढून घेतं आणि बैल नीटनेटका करून देतं. प्रेमापोटीच. पण त्या क्षणी मुलाला कळतं की चित्र काढणं हे आपल्यापेक्षा बऱ्या हाताचं काम आहे. शाळेत हेच पुन्हा घडतं, आणि विशी-पंचविशीत तोच मुलगा सांगतो की मला चित्रातलं काही कळत नाही.

त्याला कळत असतं. बाजारात मांडलेल्या मातीच्या बैलजोड्यांतली कोणती उचलायची हे तो क्षणात ठरवतो. पुढच्या चार-पाच दिवसांत गणपती घ्यायला गेल्यावर मूर्तीचे डोळे बघून एक नाकारतो, दुसरी घेतो. त्याची बायको साडीच्या काठावरून पोत आणि रंग दोन्ही पारखते. ही सगळी अभिरुचीच आहे. तिला तसं नाव कुणी दिलेलं नाही, इतकंच. नागपुरात १९२४ साली जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांपुढे उभं राहून लोक काही कळत नाही म्हणतात, पण रोलर आणि पॅलेट नाइफनं एकावर एक चढवलेले, खरवडलेले रंगांचे थर वर्षानुवर्षं रंगवलेल्या लाकडी बैलाच्या पाठीवर याच लोकांनी पाहिलेले असतात. चित्रात अमुक वस्तू ओळखू येत नाही म्हणजे ते आपल्यासाठी नाही, असं नसतं. गायतोंडे पटले नाहीत तरी चालेल. न बघताच पाठ फिरवू नये.

छिंदवाड्याला १९५४ पासूनचं आदिवासी संग्रहालय आहे, नागपुरात १८६३ साली सुरू झालेलं अजब बंगला हे संग्रहालय आहे. दोन्ही एका दिवसात जाऊन येण्यासारखी ठिकाणं. सहलीच्या यादीत देवस्थानं आणि धरणं असतात; त्यात यांचंही नाव घालायला काहीच हरकत नाही.

पांढुर्णा आणि सौंसरच्या शिक्षकांना एक विनंती आहे. पोळ्यानंतर शाळा भरली की पहिल्याच तासाला मुलांना कोरा कागद द्या. नमुना दाखवू नका. घरच्या किंवा शेजारच्या बैलाचं चित्र त्यांना आठवून काढू द्या, आणि भिंतीवर लावताना त्यांतून निवड करू नका. सगळीच लावा.